शेवटच्या गाडीतला रविवार

इश्वरभाऊ खाकरले आणि ते सातही गाड्यांत ऐकू आलं.

"कोन व्हय रे?" सेटमधून सचिनचा आवाज आला. "इश्वरभाऊ, काच खाली करून थुका. आमच्या कानात नोका थुकू."

सेट म्हणजे वॉकीटॉकी. आमच्या रविवार क्लबात सात गाड्या आहेत. महिन्यातून एकदा सगळे मिळून कुठे तलावावर, कुठे देवाला जातात. श्रावणात पवनीच्या पुढे जंगलाकडे गेलो, तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती आणि शाळेत शिकवणाऱ्या रीता मॅडम एका फाट्यावर चुकीच्या रस्त्याला लागल्या. दोन तास त्यांची गाडी सापडली नाही. त्या दिवसापासून ठरलं, की हरेक गाडीत एक सेट घ्यायचा. कोणता घ्यायचा यावर ग्रुपवर दीड महिना वाद चालला. शेवटी सचिन नागपूरहून दोन प्रकारचे सात-सात सेट आठ दिवसांच्या बोलीवर घेऊन आला. सचिनचं भंडाऱ्याला टायरचं दुकान आहे. क्लब त्यानेच काढला, म्हणून त्याची गाडी सगळ्यांत पुढे.

एक प्रकार पिवळा, एक काळा. दोन्ही लायसन न लागणारे. काळ्याचं बटन दाबून धरल्याशिवाय बोलता येत नाही. पिवळ्याला बटन दाबावंच लागत नाही, माणूस बोलू लागला की तो आपोआप सुरू होतो. इश्वरभाऊंचा जीव पिवळ्यावर. "मानसानं गाडी चालवाची का बटन दाबाचं?" जाताना पिवळे, येताना काळे, आणि मग निकाल, असं ठरवून दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही आसगावच्या तलावाकडे निघालो.

आमची जुनी जीप सगळ्यांत मागे असते. माझे यजमान धनीराम जवाहरनगरच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करून सहा वर्षांपूर्वी रिटायर झाले. जीपमध्ये दोर, जॅक, पंक्चरचं सामान, हवा भरायचा पंप सगळं असतं. पुढचं कोणी अडलं की हे थांबतात. कोणाला मागे ठेवून जात नाहीत. रिटायर झाल्यावर यांना कोणी काही विचारेनासं झालं होतं. या क्लबात विचारतात. जायच्या आधी दोन दिवसांपासून घरी दोर उलगडून पुन्हा गुंडाळणं चालतं.

आणि यांना ऐकू येत नाही. उजवा कान पूर्ण गेला, डावा अर्धा. हे मला ठाऊक आणि आमच्या मुलाला, अमरला, तो पुण्याला असतो. कानाचं मशीन आणलं, ते दोन दिवस लावून "निस्तं कर्रकर्र करते" म्हणून डबीत गेलं. क्लबात कोणाला कळू द्यायचं नाही अशी मला ताकीद. म्हणून लोक बोलतात ते सगळं मी यांच्या डाव्या बाजूला राहून पुन्हा बोलते. भाजीवाला काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले, टीव्हीतली बाई काय म्हणाली. माझा आवाज लहानपणापासून बारीक. आता संध्याकाळपर्यंत गळा बसतो. शेजारच्या रत्नाबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, तुमच्या घरी रोजच भांडन चालते का?"

चातुर्मासात मी दरवर्षी एक नेम जास्तीचा धरते. तुळशीला पाणी, जपाची माळ, सोमवार, एकादशी हे तर बारा महिने आहेच. यंदा दर रविवारी उठल्यापासून बारा वाजेपर्यंत मौन धरलं. संकल्प सोडताना देवाजवळ मी काही मागितलं नाही. त्याला कारण माहीत होतं. मला थोडा वेळ बोलायचं नव्हतं. सोळा रविवार नीट पार पडले होते. हा सतरावा, शेवटचा.

मौनाच्या दिवशी गाडीत आमच्या खुणा ठरलेल्या. यांच्या मनगटावर एक टिचकी म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, मनगट धरलं की थांबा. सेटचा आवाज पूर्ण मोठा करून तो यांच्या डाव्या हाताला, माझ्याच मांडीवर ठेवला होता. इश्वरभाऊंच्या गाडीतलं गाणं, कोणाच्या तरी पोराचं रडणं, हॉर्न, सगळं त्यातून येत होतं. डोकं उठलं होतं.

आसगावच्या अलीकडे आमच्या आणि पुढच्या गाडीच्या मध्ये धानाचे भारे लादलेला ट्रॅक्टर आला. पुढचं काही दिसेना. नाश्ता तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, होता आणि डावीकडच्या कच्च्या रस्त्याने तिकडे वळायचं, हे सकाळीच सगळ्यांना सांगून झालं होतं. फाटा जवळ आला तसा सेटमधून सचिन बोलला, "वळाचं डाव्या हाताले."

मी टिचकी मारायला हात उचलला. त्याच्या आत यांनी डावीकडचा इंडिकेटर दिला होता.

"राहू दे," हे म्हणाले. "आलं मले ऐकू. सोताच्या कानानं आलं!"

आणि माझ्याकडे पाहून हसले. किती दिवसांनी असे हसले कोण जाणे. मीही हसले.

अर्ध्या किलोमीटरवर रस्ता संपला. कालव्याच्या कामासाठी तो आडवा खोदून ठेवला होता. जीप वळवताना पुढचं चाक भुसभुशीत मातीत बसलं. दुसऱ्यांना ओढून काढायला आणलेला दोर आम्हालाच बांधावा लागला, आणि शेतातल्या एका ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढलं. पाऊण तास गेला, तोवर बाकीच्या गाड्या सेटच्या टप्प्याबाहेर गेल्या होत्या. साडीचा काठ चिखलाने भरला. हे वाकून दोर सोडत होते, तेव्हा "कंबर सांभाळा" एवढंही मला म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात आम्हाला शोधत सचिन गाडी घेऊन मागे आला.

"काकाजी, इकडं काहून आले? मी सेटवर सांगितलं ना, नाही वळाचं म्हनून? समोर रस्ता खोदला हाये, हे फाट्यावरच्या मानसानं सांगितलं मले."

"वळाचं म्हनला तू."

"मी नाही वळाचं म्हनलो, काकाजी. बाकी सगळे बराबर सरळ आले ना."

सचिनच्या मागे मागे आम्ही मोठ्या रस्त्याने पाळीवर पोचलो. तिथे सगळ्यांचे तर्री-पोहे अर्धे झाले होते. आमच्याकडे पाहून सगळे गप्प झाले, म्हणजे आधी आमच्याबद्दलच बोलणं चाललं असणार.

"या धनीरामभाऊ," इश्वरभाऊ म्हणाले. "कालवा पाहून आले का? पानी सोडलं का नाई सरकारनं?"

दोघं-तिघं हसले.

"राग नोका मानू, पन मी कधीचा पाहून राहिलो. मागच्या खेपेले मी विचारलं, भाऊ, जॅक हाये का, तं तुम्ही मले म्हनले, च्या नोको, आत्ताच घेतला!"

आता सगळेच हसले. रीता मॅडम हसल्या नाहीत.

"हसू नका हो भाऊ," त्या म्हणाल्या. मग यांच्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पण काकाजी, मी दोन तास त्या जंगलात एकटी होते. मागच्या गाडीला ऐकू आलंच पाहिजे."

यांना ते नीट ऐकू आलं नसावं. मान मात्र डोलावली.

सचिन यांच्या जवळ येऊन बसला. पोरगा वाईट नाही. "काकाजी, असं करू. पुढच्या खेपेपासून मागं इश्वरभाऊ राहतील. तुम्ही मधात या, चार नंबरले. काही टेन्शन नाई, आरामात."

"मी वळाचंच ऐकलं," हे म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "अमरची माय, तू सांग. तुले काय ऐकू आलं?"

"वहिनीचं मौन हाये ना बाप्पा," इश्वरभाऊ म्हणाले. "सुटल्या वहिनी!"

मी घड्याळ पाहिलं. बाराला वीस मिनिटं होती.

त्या वेळी माझ्या मनात आलं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. मनात आलं, बरं झालं. चार नंबरच्या गाडीला काही ऐकावं लागत नाही, फक्त पुढच्याच्या मागे जायचं. कोणी काही विचारणार नाही, मला काही पुन्हा सांगावं लागणार नाही. मी खिडकीतून धान पाहत बसेन. आणि हे सगळं माझ्या हाताने होत नव्हतं. मी नेमात होते. देवाच्या नेमात गप्प बसलेल्या बाईला कोण दोष देणार?

हे थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग डावा कान बोटाने चोळला, जसं लहान पोर चोळतं.

"जाऊ दे," म्हणाले. "हा कान बी खोटा निघाला मंग."

उठून जीपकडे गेले. मागचं दार उघडून चिखलाने भरलेला दोर बाहेर काढला आणि इश्वरभाऊंच्या गाडीकडे न्यायला लागले.

"सेटच वळाचं म्हनला," मी बोलले.

सकाळपासून मिटलेला गळा, त्यातून माझा आवाज तो. कोणालाच ऐकू गेलं नाही. सचिन कोणाला तरी चहा विचारत होता. मौन मोडायचं तर तेही मला दोनदा मोडावं लागलं. मी उठून उभी राहिले आणि घरी बोलते तशी, रत्नाबाईंना भांडण वाटावं तशी बोलले.

"सेट वळाचं म्हनला! मी बी तेच ऐकलं. डाव्या हाताले वळा म्हनून यायच्या मनगटावर टिचकी माराले मी हात उचलला होता."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. रीता मॅडमच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"काकू, तुमचं मौन..." सचिन म्हणाला.

"गेलं ते. आता ऐक. यायचा उजवा कान गेला हाये. डावा अर्धा हाये. तुम्ही म्हंता ते खोटं नाई, आन आम्ही लपवलं ती आमची चूक. पन आज सेट जे बोलला, तेच यायनं ऐकलं. तुम्ही पुढच्याची गाडी पाहून सरळ गेले. आमच्या पुढं ट्रॅक्टर होता, आम्ही सेटचं ऐकलं."

हे दोर हातात घेऊन अर्ध्यात उभे होते. मी मोठ्याने बोलल्यामुळे यांना सगळं ऐकू आलं होतं, कानाचंही. चेहरा उतरला.

सचिनने डोकं खाजवलं. मग स्वतःच्या गाडीतला पिवळा सेट घेऊन तो पाळीच्या पार टोकाला गेला. दुसरा सेट रीता मॅडमनी हातात धरला. सगळे भोवती गोळा झाले. लांब उभा असलेला सचिन तोंड हलवताना दिसला आणि सेटमधून आलं, "वळाचं डाव्या हाताले."

"पुन्हा म्हण!" रीता मॅडम ओरडल्या.

"वळाचं डाव्या हाताले."

"अरे बाप्पा," इश्वरभाऊ म्हणाले. "'नाही' खाल्लं ना यानं."

सचिन परत आल्यावर यांनी त्याच्या हातातून सेट घेतला, उलटासुलटा करून पाहिला. यंत्र हातात आलं की यांचा आवाज बदलतो. "आवाज आल्यावर हा जागा होते," हे म्हणाले. "पह्यला शब्द याले जागं करन्यातच जाते. बटनवालाच घ्या. बटन दाबाचं, जरा थांबाचं, मंग बोलाचं."

पिवळ्या सेटांचा निकाल तिथेच लागला. ते सगळे खोक्यात परत गेले. इश्वरभाऊंनी यांच्या हातातून दोर घेतला, स्वतःच जीपमध्ये नेऊन टाकला आणि येऊन म्हणाले, "भाऊ, मी खाकरलो ते तरी पुरं ऐकू आलं का, का त्यातलंही अर्धं खाल्लं?"

हे हसले नाहीत. माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कानाचं सांगून टाकलं तू."

"हो," मी म्हटलं.

"बरं," सचिनने टाळी वाजवली. "मंग ठरलं. काकाजी मागंच राहतील. पन काकू सोबत पायजे, हरेक खेपेले. सेट काकूच्या हाती. काकूनं ऐकाचं, काकाजीले सांगाचं, जवाब बी काकूनंच द्याचा. बराबर?"

"बराबर!" सगळे म्हणाले. कोणाला काही अडचण दिसली नाही. रीता मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एका घरची सून माझ्यासाठी पोह्यांची प्लेट भरू लागली. मला विचारलं मात्र कोणीच नाही.

मी पाळीवर बसले. पाय दुखत होते, साडीचा काठ वाळून कडक झाला होता. सोळा रविवार आणि हा असा सतरावा. देवाशी त्याचं काय ते मी नंतर बोलणार होते. पण पुढचे रविवार डोळ्यांसमोर आले आणि मला एकदम खूप थकल्यासारखं झालं.

"मी एक खेप आड येईन," मी म्हटलं. यावेळी मोठ्याने नाही, माझ्या आवाजात. "मधल्या खेपेले दुसऱ्या कोनी बसावं यायच्या बाजूनं."

जवळचे होते त्यांना ऐकू गेलं. इश्वरभाऊ तलावाकडे पाहू लागले. सचिन म्हणाला, "पन काकू..." आणि थांबला.

"मी बसेन," रीता मॅडम म्हणाल्या. "माझी गाडी त्या दिवशी घरी राहील."

हे माझ्या ओठांकडे पाहत होते. त्यांचा उजवा कान माझ्याकडे होता. "काय म्हनली?" त्यांनी विचारलं.

नेहमीच्या सवयीने मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"अमरची माय, काय म्हनली तू?"

रीता मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, वळसा घालून यांच्या डाव्या बाजूला गेल्या. "काकाजी! काकू म्हणतात..." त्यांनी सुरू केलं, आणि वर्गात शेवटच्या बाकाला सांगावं तसं सगळं सांगू लागल्या. यांनी मध्येच काही विचारलं, त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

बाराला अजून सहा मिनिटं होती. तेवढी मी गप्प बसून घेतलं.