देवातलं पदक

आमच्या मालाडच्या ऑफिसातल्या विद्याधर कर्णिक साहेबांना जुनी चांदीची पदकं जमवायचा नाद होता. तीही साधीसुधी नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात युद्धनिधीसाठी मुंबईत सामने आणि शर्यती भरायच्या, त्यात वाटलेली. मखमलीच्या खणात ती ओळीनं मांडलेली असत आणि दाखवताना साहेबांच्या तोंडाला पाणी सुटे. मला तेव्हाच शिसारी यायला हवी होती. पण साहेब आपल्याशी बोलतात याचंच मला अप्रूप. चौऱ्याऐंशी साली एकदा मीच फुशारकीनं सांगून बसलो की, आमच्या वाकोल्याच्या दशरथकाकांनी अठराव्या वर्षी गिरणीतर्फे पाच मैल धावून असलं पदक मिळवलं होतं.

काका गिरण्यांचा संप चालू असतानाच गेले. आमच्यात घरचा कर्ता गेला की त्याच्या नावाचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात. संपात चूल पेटायची मारामार, टाक कुठून घडवणार? सोनूकाकींनी नवऱ्याचं पदकच देव्हाऱ्यात ठेवलं. चांदी ती चांदी, वर धावणारा माणूस, मागे काकांचं नाव. त्याला रोज हळदकुंकू, सणाला नैवेद्य. मालनला, म्हणजे धाकट्या लेकीला, स्थळ आलं की काकी आधी पदकाला सांगायच्या.

साहेबांनी पदक बघायचा हट्ट धरला, आणि वाकोल्याला काकींकडे जाताना रिक्षात हे सगळं मी त्यांना सांगितलं. मालनची दोन स्थळं ठरत आलेली मोडली, तेही सांगितलं. तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

काकींनी चहा दिला. साहेबांनी पदकाची किंमत विचारली. काकी हसल्या आणि म्हणाल्या, देव कोणी विकतं का? मग साहेब देव्हाऱ्यापाशी वाकले, चष्मा पुसला आणि हळहळल्यासारखं करून म्हणाले, "बाई, यावर परक्या राजाचा मुकुट आहे. हा टाक म्हणून पुजता? तुमच्या यजमानांना मुक्ती कशी मिळेल? आणि मुलीचं तरी कसं जमेल?"

हा माणूस देवधर्म मानत नव्हता, ऑफिसच्या सत्यनारायणाला नाक मुरडायचा. काकी माझ्याकडे बघत होत्या. घरात शिकलेला मी एकटा, मी काय म्हणतो म्हणून. मी कपातल्या सायीकडे बघत राहिलो.

उपायही साहेबांकडे तयार होता. असा टाक समुद्रात सोडावा लागतो, जुहूला मी स्वतः जाऊन सोडीन, म्हणाले. काकींनी पदकाला दूधपाण्यानं न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, विड्यावर सव्वा रुपया ठेवला आणि हात जोडून नवऱ्याची माफी मागितली. इतके दिवस तुम्हाला अडकवून ठेवलं, म्हणाल्या. मालन दाराआड रडत होती. साहेबांनी पदक घेतलं. सव्वा रुपयाही घेतला.

रिक्षा जुहूकडे वळलीच नाही. साहेबांनी रुमालाला थुंकी लावून कुंकू पुसलं, नाव वाचलं आणि म्हणाले, "झकास. एक ओरखडा नाही." तो लाल डाग पडलेला रुमाल त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच खिशातून काढून तोंड पुसताना मी त्यांना पाहिलं. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

चार महिन्यांनी मालनचं जमलं. दिंडोशीचा मुलगा, नोकरीला कायम. काकी पेढे घेऊन ऑफिसात आल्या आणि सगळ्यांसमोर साहेबांच्या पाया पडल्या. साहेबांनी दोन पेढे खाल्ले, बोटं चाटली आणि वर तोंड भरून आशीर्वाद दिला. लाज म्हणून काही असते की नाही माणसाला? पण हे विचारायचं तोंड मला तरी कुठे होतं!

काकींना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. त्यांनी माझा हात धरला. इतके दिवस विचारायचा धीर झाला नव्हता, म्हणाल्या.

"जयवंता, खोल पाण्यात सोडलास मां रे ह्यांका?"

"हो काकी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले, पुडक्यातला एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो त्यांच्यादेखत खाल्ला.