कोपराची उंची

माणूस चार पायांवरून दोन पायांवर उभा राहिला आणि त्या क्षणी संस्कृतीचा उदय झाला. दुसऱ्याच क्षणी त्याची कंबर धरली आणि तो टेकायला जागा शोधू लागला. पुढची सगळी संस्कृती बसून झालेली आहे.

कानामात्राचं आयुष्यही बसूनच गेलं होतं. औषधाच्या खोक्यात घडी करून घालतात ती बारीक अक्षरांची पत्रकं छापणाऱ्या छापखान्यात तो मुद्रितशोधक होता. लोकांच्या दारावरच्या पाट्यासुद्धा तो थांबून तपासायचा, म्हणून हे नाव. औषधाच्या पत्रकात एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस इकडचा तिकडे होतो. त्यामुळे तिथे जोडीने वाचायची पद्धत होती. समोर बसलेल्या बाई मूळ मजकूर मोठ्याने वाचायच्या आणि कानामात्रा छापील प्रुफावर पेन्सिल फिरवायचा. स्वल्पविरामाला टेबलावर बाईंच्या बोटाची एक टिचकी, पूर्णविरामाला दोन. मळमळ, टिचकी, चक्कर, टिचकी, क्वचित मृत्यू, दोन टिचक्या. असं एकोणीस वर्षं. दुसऱ्या कुणाला त्या यादीने धडकी भरली असती, पण त्याला ती ऐकताना झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटायचं.

त्याचं लग्न राहून गेलेलं; बाईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झालेली. बाईंना विचारायचं एक वाक्य त्याने मनाशी सहा वर्षांपूर्वीच जुळवून ठेवलं होतं. पण मुद्रितशोधकाच्या हातून वाक्य सुटणं अवघड. दर खेपेला एखादी दुरुस्ती निघायची, आणि तो म्हणायचा, असू दे, बाई कुठे जातात?

मग त्याची पाठ गेली. सकाळी अंथरुणातून उठताना तो कुलूप उघडल्यासारखा आवाज करू लागला. ज्या ताईकडे तो राहत होता ती आठवडाभर ऐकून घेऊन म्हणाली, की त्या टेबलाचं तरी काही कर, नाहीतर येताना पाठ तरी ऑफिसात ठेवून येत जा.

त्याने साहेबांना अर्ज केला. बटण दाबलं की वर-खाली होणारी टेबलं निघाली आहेत, उभं राहून काम करता येतं, पाठ सरळ राहते, तसं एक मिळावं. सही करणार तोच त्याच्या मनात आलं, आपण उभे आणि बाई बसलेल्या, हे बरं दिसायचं नाही. शिवाय त्यांचीही मान दुखते. त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली: समोर बसणाऱ्या बाईंनाही असंच टेबल द्यावं.

छापखान्याच्या इतिहासात कुणाचाही अर्ज पूर्ण मंजूर झाला नव्हता. हा झाला.

फीत घेऊन एक तज्ज्ञ आला. दोघांना खुर्चीत बसवून त्याने खांद्यापासून कोपरापर्यंत मोजलं, मग एकेकाला भिंतीपाशी उभं करून जमिनीपासून कोपर मोजलं. कोपर काटकोनात हवं, संगणकाचा पडदा डोळ्यांसमोर हवा, वीस मिनिटं उभं राहा, मग थोडं बसा. दोघांच्या कोपरांत वीतभर फरक निघाला. एक टेबल दोन उंचींवर राहू शकत नाही, म्हणून अर्जाप्रमाणे दोन टेबलं आली. टेबलांना वीज लागते, आणि विजेची भोकं समोरासमोरच्या भिंतींना होती. तेव्हा एक टेबल या भिंतीला, एक त्या. दोघांचीही तोंडं भिंतीकडे.

मधल्या जागेत हिशेबवाले बसायचे. बाईंना आता ओरडून वाचावं लागे. तिसऱ्या दिवशी हिशेबवाल्यांनी तक्रार केली, की ऐन जेवणाच्या वेळी डोक्यावरून ‘अतिसार’ अशी आरोळी गेल्यावर घास उतरत नाही. साहेबांनी तोडगा काढला: दोन्ही मजकूर संगणकच ताडून पाहील. बाई रिकाम्या झाल्या, आणि रिकामं माणूस दिसलं की कंपनीला शाखा आठवते. दूरच्या गावच्या शाखेत खोक्यांवर देखरेख. बाई हो म्हणाल्या. नाही म्हणायला त्यांना कुणी कारण दिलं नव्हतं.

कानामात्रा साहेबांकडे धावला. जुनं टेबल परत द्या, म्हणाला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी अर्ज काढून दाखवला, अक्षर कानामात्राचंच होतं. जुन्या टेबलाच्या फळ्या केव्हाच कामाला लागल्या होत्या.

“पण पाठीला आराम आहे ना?” साहेबांनी आपुलकीने विचारलं.

आराम होता. पाठ ठणठणीत झाली होती. ताईही म्हणाली होती, पोरासारखा उठतोस आता. खोटं बोलायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

शेवटच्या दिवशी निरोपाचं भाषण झालं, हिशेबवाल्यांनी फुलं दिली, लोक पांगले. कानामात्रा खोली ओलांडून पलीकडच्या भिंतीपाशी गेला. एकोणीस वर्षांत दोघं समोरासमोर उभे असे कधी राहिलेच नव्हते. बाई त्याच्याआधी येऊन बसायच्या, डबा टेबलावरच व्हायचा, आणि त्यांची बस उशिराची असल्याने तो गेल्यावर उठायच्या.

“बाई, तो अर्ज मी केला होता.”

“वाचला मी. साहेबांनी दाखवला.” त्या पिशवीचा बंद बांधत होत्या. “दोघांसाठी लिहिलंत. माझ्यासाठी कुणी काही मागितल्याला फार दिवस झाले होते.”

त्याने वाक्य एकदा मनात तपासलं. पहिल्यांदाच त्यात एकही चूक नव्हती.

“मला तुम्हाला एक...”

बाईंनी वर पाहिलं. चांगलंच वर पाहावं लागलं.

“तुम्ही एवढे उंच आहात?” त्या म्हणाल्या. “मला इतकी वर्षं वाटत होतं, आपण सारखेच.”

“बसल्यावर सारखेच असतो,” कानामात्रा म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. बंद बांधून झाला होता तरी हात तिथेच ठेवून त्यांनी वाट पाहिली. बरीच पाहिली. पण त्यांचं शाखेच्या गावचं तिकीट काढून झालं होतं, आणि ज्याच्या एका ओळीने हे सगळं घडलं त्याने आता दुसरी ओळ घालावी का, ही शंका त्याला ऐन वेळी आली. तो शंकेपाशीच थांबला.

“बरं,” शेवटी बाई म्हणाल्या, “आता उंच आहातच, तर त्या कपाटावरची माझी छत्री तेवढी काढून द्या. झाडणाऱ्यांनी वर टाकलीय, आणि स्टुलावर चढायचं तर माझा गुडघा ऐकत नाही.”