दार उघडणाऱ्या घराची बेल

मित्रांनो, माझं बटण दाराबाहेर आहे आणि माझा गळा दाराच्या आत. त्यामुळे बाहेर कोण उभं आहे ते मला दिसतं आणि आत काय चाललंय तेही ऐकू येतं. मी एक जुनी दाराची बेल आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या घरात, चपलांच्या कपाटाच्या वर माझा डबा बसवलेला आहे. रंग पिवळा पडलाय, बटण झिजलंय, पण आवाज अजून खणखणीत आहे. ही बढाई नाही, जिन्यातल्या कुणालाही विचारा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथले म्हातारे तपासनीस प्रत्येक बेल कानाशी धरून वाजवून बघत. माझं ‘टिंग’ ठीक होतं, पण ‘टोंग’ जरा रेंगाळायचं. ते हसून म्हणाले, "असू दे. हिचा घरातून पाय निघत नाही." आणि त्यांनी मला पास केलं.

मला विकत घेतलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. मला भिंतीवर बसवल्यावर दोघं आळीपाळीने बाहेर जाऊन मला वाजवत राहिले. एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने दार उघडून "आपल्याला कोण हवंय?" असं विचारायचं. शेवटी शेजारच्या आजोबांनी डोकं बाहेर काढून "घर चुकलंय का?" म्हणून चौकशी केली, तेव्हा कुठे हा खेळ थांबला.

पुढे त्यांच्या मुलीचा, चिंगीचा जन्म झाला आणि बघता बघता टाचा उंच करून ती माझ्या बटणापर्यंत पोचायला लागली. दर रविवारी तिची आत्या यायची. आत्या म्हणजे मेकॅनिकची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ती शहरातल्या बसवर कंडक्टर होती. निवृत्त झाली तरी हाताची सवय सुटली नव्हती. बस सोडताना बेल द्यावी तशी ती मला लागोपाठ दोनदा वाजवायची आणि आतून चिंगी "पुढे सरका, पुढे सरका" असं ओरडत दार उघडायला धावायची. खरं सांगते, रविवारची मी वाट बघत असे.

मग घरात क्रेडिट कार्ड आलं. मला तर ते फारच आवडलं, कारण सामान पोचवणारी माणसं सारखी येऊ लागली आणि माझी चंगळ झाली. मोठा टीव्ही आला. सोफा आला. घरातल्या घरात चालायचा पट्टा आला, त्यावर आठवडाभर मेकॅनिक चालला आणि नंतर टॉवेल वाळत पडले. पगार मात्र होता तेवढाच होता. पहिल्या कार्डाचं देणं भागवायला दुसरं कार्ड काढलं, दुसऱ्याचं भागवायला तिसरं. याची टोपी त्याच्या डोक्यावर. व्याज वाढतच गेलं. अडकलेल्या लिफ्टमधून लोकांना सोडवणारा आमचा मेकॅनिक स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकला. नवीन अवजारं घ्यायची आहेत असं सांगून त्याने आत्याच्या निवृत्तीच्या पैशातले काही मागून घेतले. तेही व्याजात विरघळले.

आणि एक दिवस वसुलीवाला आला. उंच, चकचकीत बूट, तोंडात साखर. बटणावर बोट ठेवलं की काढायचाच नाही. माझा घसा बसायची वेळ आली. मग घरात नियम ठरला की बेल वाजली तर दार उघडायचं नाही. ओळखीच्यांनी तीनदा टकटक करायची. दूधवाल्याला हे सांगितलं, शेजारच्या आजोबांना सांगितलं, चिंगीच्या मैत्रिणींना सांगितलं. फक्त आत्याला सांगितलं नाही. तिला सांगायचं तर कारणही सांगावं लागणार, आणि तिथे मेकॅनिकची जीभ रेटेना.

त्या रविवारी मला लागोपाठ दोनदा दाबलं गेलं. कोण आलंय ते घरात सगळ्यांना कळलं. चिंगी उठली, पण बाबांनी तिचा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. बाहेर आत्या उभी होती. तिच्या समोर, दाराबाहेरच काढलेल्या तिघांच्याही चपला होत्या. तिने पुन्हा दोनदा बेल दिली. आतून कुणाचं तरी "शूऽऽ" तिला ऐकू आलं असणार, कारण तिचा हात खाली आला. चिंगीसाठी विणलेला स्वेटर पिशवीसकट कडीला अडकवून ती सावकाश जिना उतरून गेली. मित्रांनो, मी धातूची आहे, तरी मला गलबलून आलं. मेकॅनिकला तर माझ्याकडे बघवेना. स्टुलावर चढून त्याने माझी वायर काढून टाकली.

जेवताना चिंगीने विचारलं, "बाबा, आपण आत्यापासून का लपलो? ती पण पैसे मागायला येते का?"

मेकॅनिकने ताट बाजूला सारलं. मग चिंगीची आई पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाली, "अहो, पुरे झालं. कर्जात बुडालेल्यांना मदत करणारं ते ऑफिस आहे ना, तिथे उद्या जायचं. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन."

दोघं गेले. परत आले ते दमलेले, पण खूप दिवसांनी मोठ्याने बोलत. तिथल्या सल्लागारबाईंनी त्यांची सगळी कार्डं कापून टोपलीत टाकली होती. ठरलं ते असं. सगळी देणी एकत्र करायची, झेपेल एवढा एकच हप्ता दर महिन्याला ऑफिसात भरायचा आणि ऑफिसने तो सगळ्यांना वाटून द्यायचा. व्याज थांबेल. पाच वर्षं काटकसर करायची, नवीन कर्ज काढायचं नाही. हा रीतसर करार. ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांनी तो मान्य केला की वसुलीवाल्याने दाराशी यायचं नाही. पण एकही देणं लपवायचं नाही, आणि मान्यतेसाठी ऑफिस त्या प्रत्येकाशी स्वतः फोनवर बोलणार.

"म्हणजे ताईशीही," मेकॅनिक म्हणाला.

"त्याआधी तुम्ही बोला."

"बोलतो ना. उद्या बोलतो."

असे बरेच उद्या गेले. आणि ऑफिसचा फोन आधी पोचला.

आत्या आली ती रविवारची वाट न बघता, दुपारी, तडक. तिने मला दोनदा दाबलं. मी मुकी. पुन्हा दाबलं. माझा जीव नुसता कासावीस झाला. आता ही पुन्हा तशीच उतरून जाणार आणि कदाचित कधीच येणार नाही, असं मला वाटलं. पण बाईने आयुष्यभर भरलेली बस आवाजावर चालवली होती.

"आत जेवढे आहेत तेवढे दारापाशी या," ती गरजली. चार मजल्यांवरची दारं उघडली. आमचंही उघडलं.

मेकॅनिक मान खाली घालून उभा राहिला. "ताई, तुझे पैसे... मी खोटं बोललो गं तुझ्याशी."

"पैशाचं मला वाईट वाटलंच," आत्या म्हणाली. "पण त्याहून वाईट वाटलं ते दाराचं. मी बाहेर आहे हे माहीत असून तू गप्प बसलास, धाकल्या. माझ्यासमोर तुला रडताही येईना का?"

मग तो रडला. आत्याही रडली. चिंगीच्या आईने दोघांना आत ओढलं, कारण जिन्यात बघे जमले होते. "मी करार मान्य म्हणून सांगितलंय," नाक पुसत आत्या म्हणाली. "माझाही हप्ता इतरांबरोबरच येऊ दे. आणि आधी ती बेल जोड बघू. माझा घसा काही आता पहिल्यासारखा नाही."

करार मंजूर झाला. पट्टा विकला, टीव्ही विकला. आई डबा नेऊ लागली, मेकॅनिक सायकलने कामावर जाऊ लागला आणि त्याचं पोट आपोआप उतरलं. कधी कधी कुरकुर होई, कारण पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. पण घरात कुणी कुजबुजत नव्हतं.

चौथ्या वर्षी एका संध्याकाळी मी लांबलचक वाजले. बोट निघेच ना. घरातले सगळे जागच्या जागी थिजले. मग मेकॅनिक उठला आणि त्याने दार सताड उघडलं. तोच वसुलीवाला.

"तुमच्याकडे नाही आलो," तो जरा ओशाळून म्हणाला. "वरच्या मजल्यावरचे घरी आहेत का? दिवा दिसतो, पण दार उघडत नाहीत."

"मला नाही सांगता येणार," मेकॅनिक म्हणाला. वसुलीवाला खाली उतरून दिसेनासा होईपर्यंत तो कठड्यापाशी उभा राहिला. मग चपला घालून वर गेला. वरची बेल वाजली. आत शांतता. ती शांतता मी लगेच ओळखली.

"मी खालचा, लिफ्टवाला," त्याचा आवाज जिन्यातून खाली आला. "मागायला नाही आलो. आम्हीही असेच बसायचो. एक ऑफिस आहे, उद्या मी तुमच्याबरोबर येतो."

वर पावलं वाजली. मग वरची कडी निघाली.

मित्रांनो, आम्हा बेलांना अधूनमधून पुसत जा, आमच्या वायरी जपा. पण त्याहीपेक्षा, आपलं माणूस दाराशी आलं की दार उघडा. घर कसंही असू दे, खिसा कसाही असू दे. आम्ही वाजतो ते एवढ्याचसाठी.