शवपेटीत न ठेवलेली फाईल

घर जाणार हे नोक्वांडाला कळलं, तेव्हा ती दक्षिण आफ्रिकेतल्या मदान्त्साने वस्तीत, आपल्या स्वयंपाकघरात मका आणि चवळी शिजवत होती. दाराशी आलेला बँकेचा माणूस टेप लावून खोल्या मोजू लागला. लुवुयोला, तिच्या नवऱ्याला, जाऊन चार महिने झाले होते.

"तुमच्या मिस्टरांनी त्यांच्या भावाच्या फर्निचर कारखान्यासाठी घर तारण दिलंय," तो म्हणाला. "कारखाना दिवाळखोरीत निघाला. ही सही."

त्याने झेरॉक्स दाखवली. सहीवरच्या तारखेला लुवुयो इस्पितळात होता. त्याच्या हातात चमचा राहत नव्हता. तीच त्याला भरवत होती.

संध्याकाळी थोरले दीर सिंदिले आले. कारखाना त्यांचाच होता.

"भावोजी, मूळ कागद कुठाय?"

"तू दुखवट्यात आहेस. वर्षभर काळे कपडे, दिवस मावळायच्या आत घरात, चारचौघांत तोंड उघडायचं नाही. लोक काय म्हणतील? मी बघतो सगळं."

वर्षभरात घर विकलं गेलं असतं. बायको गेलेल्या पुरुषाला मात्र बाहीवरची काळी चिंधी पुरते, आणि तो दुसऱ्या आठवड्यात कामावर जातो. त्याला कोणी कोंडत नाही.

तिने निरोप धाडल्यावर फुकट सल्ला देणाऱ्या वकील यांतजीस बाई घरी आल्या. त्यांनी कोर्टामार्फत सिंदिलेंकडे मूळ कागदांची मागणी केली. सिंदिलेंनी शपथेवर उत्तर दिलं: आमच्या रीतीप्रमाणे मयताच्या वस्तू त्याच्याबरोबर पुरतात, त्या मूळ कागदांची फाईलही मी शवपेटीत ठेवली.

नोक्वांडाने ते उत्तर वाचून घेतलं.

"बाई, पेटी दफनाच्या आदल्या दिवशी घरी आली, ती या खोलीत ठेवली होती," ती म्हणाली. "मी इथेच गादीवर बसले होते. दफन होईपर्यंत विधवेला गादीवरून उठता येत नाही ना. पुरुष सगळे अंगणात बैल कापत होते. पेटीत घोंगडी गेली, काठी गेली, टोपी गेली. झाकण माझ्यासमोरच बंद झालं, तोवर भावोजींनी उंबरा ओलांडला नाही."

"हे कोर्टात सांगाल?"

भिंतीशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "काळ्या कपड्यांत कोर्टात? विटाळ घेऊन हिंडायचंय गावभर?"

"आई, तुम्ही माझ्या शेजारीच होतात. फाईल पाहिलीत?"

सासूबाईंनी शाल गुडघ्यांवर ओढली. "सिंदिलेही माझाच आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

सुनावणीला नोक्वांडा काळ्या कपड्यांतच गेली. दारात सिंदिले हसले. "या, वकिलीणबाई. माझ्या भावाला कबरीतही स्वस्थ पडू देऊ नका."

"त्यांच्या कबरीत काय आहे ते मला ठाऊक आहे, भावोजी. तुम्हाला नाही."

मागचे बाक रिकामे होते, पण विधवेच्या रीतीप्रमाणे ती मागे बसली नाही. उभी राहून, मोठ्याने, तिने सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी घराची विक्री तूर्त थांबवली आणि सिंदिलेंना कारखान्याचे सगळे मूळ कागद हजर करायला सांगितलं.

ती मुदत उलटून गेली आहे. कागद आलेले नाहीत. सासूबाईंनी जबाब दिलेला नाही. पुढच्या गल्लीत कालपासून आणखी एक बाई गादीवर बसली आहे, आणि तिच्या नवऱ्याचे कागद कोणी नेले हे तिला अजून कोणी विचारलेलं नाही.