बिनफळाची फुलं

कडुबानं झुकिनीला मांडव घातला तेव्हाच मुकुंदवाडीची अर्धी गल्ली हसली होती. त्याच्या पोरानं, शिवराजनं, क्रांती चौकातून बियांची पुडी आणली. ही भोपळ्याच्या जातीची भाजी आहे एवढं ऐकून कडुबानं दुधीला घालतात तसा मांडव उभा केला. झुकिनी काही वर चढली नाही. जमिनीवरच बसकण मारून तिनं सुपाएवढाली पानं पसरली. समोरचा मोतीराम येता-जाता विचारायचा, "कडुबा, मांडव तर झाला, नवरी कव्हा उभी राहायची?"

हसणं कडुबानं सोसलं. पण आता गोष्ट झाडाच्या जिवावर आली होती. आशाबाईनं, त्याच्या बायकोनं, मेथीचा वाफा मोडून ही जागा दिली होती, आणि फळ काही टिकत नव्हतं. बोटाएवढं व्हायचं, टोकाकडून पिवळं पडायचं, गळायचं.

"रविवारपर्यंत एक जरी फळ टिकलं तर ठीक," आशाबाई म्हणाली. "नाय तर उपटून मेथी टाकते."

"खतपाणी तर सगळं केलं की!"

"आन् बोट? आल्यागेल्याला बोट करून दाखवता. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की सडतं, लेकरांना बी ठावं हाय."

"बोटानं सडत असतं, तर मोत्या कव्हाच सडला असता!"

आशाबाई तिकडं लक्ष न देता फुलं खुडत राहिली. त्या फुलांची कुरकुरीत भजी तिनंच करावीत. खुडणंही किती निगुतीचं! मागं इवलंसं फळ असलेल्या फुलाला ती कधी हात लावायची नाही. नुसत्या दांड्यावरची, बिनफळाची तेवढी खुडायची. कडुबाला त्याचं फार कौतुक, आणि भज्यांचं त्याहून जास्त.

सोमवारी तिनं भज्यांची ताटली भिंतीवरून शेजारच्या गौहरआपाला दिली. आपा गच्चीवर डब्यांतून गिलकी काढायची. तिनं एक भजं खाल्लं, "वा!" म्हणाली, दुसरं उचललं आणि झाडाकडं बघून थांबली.

"आशाबाई, सारी फुलं तोडली?"

"सारी कशाला, आपा? बिनफळाची तेवढी."

आपा हसता हसता भिंतीला टेकली. "अरे अल्ला! तेच तर नर हायेत. त्यांची धूळ मादीला लागली तरच फळ धरतं. भाईसाब, तुम्ही तर सगळे नवरदेव खाऊन टाकले!"

कडुबाच्या हातातलं भजं हातातच राहिलं. आशाबाईनं पदर तोंडाला लावला. हसली की लाजली, त्याला कळलं नाही.

मंगळवारी उजाडताच ती वाफ्यात बसली. थंडीच्या दिवसांत मधमाशी फिरकत नव्हती. आपानं भिंतीपलीकडून सांगितलं तसं तिनं नर फूल खुडून पाकळ्या काढल्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. नवरीला हळद लावावी, तसा. शेतात जन्म गेलेला तो राठ हात एवढा हळुवार चालतो, हे कडुबा इतक्या वर्षांनी जवळून बघत होता. भजी त्यानं मागितली नाहीत.

रविवार आला. फुलं वाळली होती. पण एका फुलामागचं फळ वीतभर झालं होतं, हिरवंगार, तुकतुकीत. कडुबा हरखला. "राहू दे अजून. दुधीएवढी झाली की मोत्याला दाखवतो."

"कोवळी काढली तर मागून दुसऱ्या येतात. एकच जून करून ठेवली, की झाड म्हणतं, झालं माझं काम." आशाबाईनं सुरीनं देठासकट फळ कापलं, अर्धं आपाकडं धाडलं. मेथीचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात मोतीराम फाटकाशी आला. "कुठंय रं तुझी नवरी?"

पानांआड दुसरं फळ नुकतंच धरलं होतं. कडुबानं बोट वर केलं, आशाबाईकडं बघितलं आणि मुकाट्यानं मूठ मिटली. मिटल्या मुठीनंच त्यानं दाखवलं.

"ती काय तिथं."

"बोट दुखतंय काय?"

"नाय. तू लांबूनच बघ."