चौथा भोंगा

टोर्नॅडोचा भोंगा तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला भीती वाटली नाही, वैताग आला. दुपारपासून दोनदा गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाईंना पाठीवर घेऊन अंगणातल्या तळघरात उतरले होते आणि दोनदा वर आणलं होतं. दोन्ही टोर्नॅडो लांबून, गव्हाच्या शेतांवरून निघून गेले. पहिल्याने शेजारच्या गावाची वाट लावली, म्हणून माझा नवरा लॉरेन तिकडे ढिगारे उपसायला गेला होता. घरात आम्ही दोघीच.

सासूबाई बटाटे सोलत बसल्या होत्या.

"चला आई."

"मी नाही येत."

"आता हे काय नवीन काढलंत?"

"दमले गं. तुझ्या पाठीवर पोत्यासारखं लोंबकळायचं, खाली कुबट हवेत बसायचं, परत वर यायचं. हे घर माझ्या नवऱ्याने बांधलंय. जायचं तर घराबरोबर जाईन."

"आणि लॉरेनला काय सांगू?"

"सांग, म्हातारी हट्टी होती. त्याला ठाऊक आहे."

मी चिडून ओसरीवर गेले. आमच्या कॅन्ससमध्ये भोंगा झाला की माणूस आधी बाहेर येऊन आभाळ बघतो, अक्कल मागून येते. मीही बघत राहिले, नको तितका वेळ. कुंपणापलीकडे धुळीचा खांब उठला होता. तो ना डावीकडे सरकत होता, ना उजवीकडे. नुसता जाड होत होता. म्हणजे तो आमच्याकडेच येत होता.

आता तळघर गाठणं शक्य नव्हतं. सासूबाईंना ओढत न्हाणीघरात नेलं, टबात कोंबलं, पलंगावरची गादी ओढून आणली. त्यांच्यावर मी, माझ्यावर गादी. कान दुखायला लागले. घर करकरलं, मग आवाज इतका वाढला की काही ऐकूच येईना. माझ्या बरगडीत कोपर रुतवून सासूबाई शिव्या देत होत्या एवढं जाणवत होतं. कोणाला, ते देव जाणे.

थांबलं तेव्हा गादी नव्हती. छप्परही नव्हतं. टब आणि त्याच्यामागची एक भिंत तेवढी उभी होती. स्वयंपाकघराच्या जागी विटा, आणि अंगणात तळघराचं दार मात्र जिथल्या तिथे.

सासूबाई सगळीकडे बघत होत्या.

तेवढ्यात गावाकडून पुन्हा भोंगा ऐकू आला. पश्चिमेला आभाळ परत काळं झालं होतं. मी टबाच्या कडेवर बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. अंगात त्राणच उरलं नव्हतं.

"आई, माझ्याने नाही होत आता. येऊ दे काय यायचं ते."

नळाला धरून त्या उठल्या. टबाबाहेर एक पाय टाकला, मग दुसरा. विटांवर लटपटत उभ्या राहिल्या आणि माझं मनगट धरलं.

"आई, तुमचे गुडघे..."

"दुखतायत. घर होतं म्हणून बसून राहिले होते. आता तू तेवढी उरलीस. ऊठ."