प्लॅस्टिकचा गळा

थोरलीची मुलगी पाऊल टाकायला लागली त्या वर्षी... हॉस्पिटलच्या टेबलावर तो सरावासाठीचा प्लॅस्टिकचा गळा होता, डोक्याशिवाय, नुसताच, आणि भोक बरोबर तिथे, जिथे कॉलरचं वरचं बटण येतं. पन्नास वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार — साडेतेरा, त्याने मनात म्हटलं, बायकोच्याच मापाचा.

पलीकडच्या खोलीत ती आठ दिवस डोळे मिटून होती, मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून, तोंडातून घातलेल्या नळीवर श्वास घेत. डॉक्टरांनी तिसऱ्याच दिवशी सांगून ठेवलं होतं — रक्त खोल उतरलंय, पाणी साचलंय, हाकेला ओ नाही. अशा दहांतल्या आठांना गळ्याला छेद द्यावाच लागतो. आता उद्या करू म्हणत होते. पण पुढे घरी सांभाळणारं कुणी हवं. दिवसातून कितीदा तरी त्या छेदातून कफ ओढायचा, हात स्थिर हवा.

"मग काळजीच नको," थोरली म्हणाली. "आमचे बाबा अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात."

नर्स हसली. "बघू या आजोबा. नापास झालात तर आजी रागावतील हं."

तिने कफ ओढायची बारीक नळी त्याच्या बोटांत दिली. आणि त्याला पुढची वर्षं दिसली — किती वर्षं? सकाळीच त्याने नर्सला बाजूला घेऊन विचारलं होतं, आणि 'नीट सांभाळलं तर पुष्कळ,' असं ती आनंदाने म्हणाली होती — पलंग, ती घरघर, ओळख नसलेले उघडे डोळे, आणि जी दिवसभर बोलायची, शेजारणींशी, भांड्यांशी, माझ्या वाकड्या शिलाईशीसुद्धा, तिचा आवाजच नाही... नळी भोकाच्या कडेला लागली. थरथरली.

नाही. मी थरथरवली.

"पुन्हा करा," नर्स म्हणाली. त्याने पुन्हा हात हलवला, या वेळी जरा जास्तच.

थोरलीने त्याची बोटं आपल्या हातात घेतली. "राहू द्या बाबा. म्हातारे झालात हो, आणि आम्हाला कळलंही नाही." मग तिने डॉक्टरांना विचारलं, "चार दिवस थांबता येईल? छोटी अजून अंगावर पिते, त्यात माझी नोकरी... काहीतरी सोय बघते."

थांबले.

दुपारी तिने त्याला पाण्याचा पेला अर्धाच भरून दिला, सांडू नये म्हणून. तो त्याने दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या दिवशीही. सांगायला किती वेळ लागला असता — पेला खाली ठेवून, एक वाक्य... पण लेक इतक्या मायेने बघत होती की लाज गिळणंच सोपं गेलं.

सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "छेद दिला असता तरी वाचल्या असत्या असं सांगता येत नाही." थोरलीला ते ऐकून सुटल्यासारखं झालं. मला नाही. कारण ती वाचली असती, याचीच तर मला भीती वाटली होती.

अकराव्या दिवशी, बुधवारी, दुपारी सव्वाएकला माझी बायको वारली.